रांगेत दोनदा उभा असलेला माणूस : बुडालेल्या कारखान्याची विक्री आणि पैशांच्या वाटपाचा इतिहास

१/ जानेवारी २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातील परळी तालुक्यात, पांगरी येथे असलेल्या वैद्यनाथ सहकारी साखर कारखान्याच्या मालमत्तेचा ई-लिलाव करण्याची नोटीस युनियन बँक ऑफ इंडियाने प्रसिद्ध केली. बँकेची थकबाकी सुमारे २०३ कोटी रुपये होती. त्याआधी, सप्टेंबर २०२३ मध्ये, वस्तू व सेवा कर विभागाने सुमारे १९ कोटी रुपयांच्या वसुलीसाठी कारवाई केली होती. चर्चा झाली ती प्रामुख्याने राजकारणाची. आपण या थ्रेडमध्ये वेगळा प्रश्न विचारू : अशा विक्रीतून आलेला रुपया कोणत्या क्रमाने कोणाच्या हाती पडतो, आणि हा क्रम ठरवला कोणी? (थ्रेड)

२/ प्रथम दोन शब्द नीट समजून घेऊ. ज्याचे देणे आहे तो धनको. ज्याने भाग घेतला, म्हणजे मालकीत वाटा घेतला, तो भागधारक. सहकारात त्याला सभासद म्हणतात. धंदा चालता असताना भागधारक मालक म्हणून मिरवतो. धंदा बुडाला की तोच रांगेच्या शेवटी जातो. आधी सर्व धनको, मग उरले तर मालक, हा जगभरच्या कंपनी कायद्याचा पाया आहे. नफ्यावर ज्याचा हक्क, तोट्याचा पहिला घावही त्यानेच सोसायचा, हे त्यामागचे तत्त्व.

३/ पण धनकोही सगळे सारखे नसतात. त्यांच्यात पुढे कोण आणि मागे कोण, हा वाद फार जुना आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात त्याचे एक उत्तर सापडते. ऋणकोने ज्या क्रमाने कर्जे घेतली, त्याच क्रमाने ती फेडावीत. अपवाद दोन : आधी ब्राह्मणाचे देणे, त्यानंतर राजाचे. म्हणजे नियम काळाचा आणि अपवाद सत्तेचा. पुढची दीड-दोन हजार वर्षे या रांगेचा इतिहास पाहिला, तर अपवादांची नावे बदलताना दिसतात. अपवादांची पद्धत मात्र टिकून राहते.

४/ दुसरा धागा तारणाचा. सावकार शेतकऱ्याकडून गहाणखत लिहून घेई. त्याचा अर्थ असा, की देणे फिटले नाही तर ही ठरावीक जमीन माझ्या वसुलीला बांधलेली आहे. इतर देणेकऱ्यांनी या जमिनीकडे पाहायचे, ते माझे भागल्यावर. १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी उठाव केला, त्याची सुरुवात १२ मे रोजी सुपे येथे झाली. त्यांचा रोख घरांपेक्षा दस्तऐवजांवर होता. खतपत्रे हिसकावून जाळली गेली. सावकाराचे बळ कागदात आहे, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

५/ या उठावानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते, त्यामुळे इंग्रजी मुलखातला हा कायदा सरहद्दीच्या अलीकडे लागू नव्हता. तरी गहाणखताचा धडा दोन्हीकडे सारखाच होता : ज्याच्याजवळ तारण आहे तो रांगेत उभा राहतच नाही, तो थेट खिडकीशी जातो. पांगरीच्या कारखान्याबाबत बँक ज्या बळावर नोटीस काढू शकली, ते बळ याच कुळातले.

६/ तिसरा धागा मर्यादित जबाबदारीचा. भारतात १८५७ च्या कंपनी कायद्याने ही सोय आणली. कंपनी बुडाली तर भागधारकाने भागापोटी दिलेले, किंवा द्यायचे राहिलेले, पैसे तेवढे जातील. त्याच्या घरादारावर जप्ती येणार नाही. थोडा विचार केला तर एक विसंगती ध्यानात येते. ज्या अठरा वर्षांत मुंबईच्या भागधारकाचे घर कायद्याने सुरक्षित झाले, त्याच अठरा वर्षांत सुप्याच्या शेतकऱ्याची जमीन खतांच्या ओझ्याखाली जात होती.

७/ मर्यादित जबाबदारीची पहिली मोठी परीक्षा मुंबईतच झाली. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव चढले आणि मुंबईत कंपन्यांचे पीक आले. बॅकबे भराव कंपनीच्या भागांवर अतोनात सट्टा झाला. युद्ध संपले, कापूस उतरला आणि १८६५ च्या उन्हाळ्यात सारा डोलारा कोसळला. बँक ऑफ बाँबेचे वसूल भांडवल सुमारे २ कोटी ९ लाख रुपये होते. त्यातील बहुतेक बुडाले आणि १८६८ मध्ये ती बँक अवसायनात गेली. अवसायन म्हणजे संस्थेचा कारभार गुंडाळून मालमत्ता विकणे आणि आलेली रक्कम क्रमाने वाटणे.

८/ याच पडझडीच्या काळात मुंबई उच्च न्यायालयापुढे एक खटला आला. बाँबे लँडिंग अँड शिपिंग कंपनी अवसायनात निघाली होती आणि सरकारचेही तिच्याकडे येणे होते. सरकारने इतरांबरोबर रांगेत उभे राहायचे की पुढे जायचे? १८६८ मध्ये न्यायमूर्ती वेस्ट्रॉप यांनी सरकारचे देणे आधी, असा निर्णय दिला. इंग्लंडच्या राजाचा अग्रहक्क तर त्यांनी पाहिलाच, शिवाय हिंदू धर्मशास्त्रातील राजाच्या अग्रहक्काचाही आधार घेतला. याज्ञवल्क्याचा राजा अशा रीतीने व्हिक्टोरियाच्या सरकारच्या मदतीला धावून आला.

९/ स्वातंत्र्यानंतर राजा गेला, अग्रहक्क राहिला. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, की सरकारच्या कराच्या देण्याला विनातारण धनकोंच्या पुढे जागा आहे. पण तारण असलेल्या धनकोचे काय? २००० मध्ये देना बँकेच्या खटल्यात उत्तर आले : कायद्यात स्पष्ट ‘पहिला बोजा’ लिहिलेला नसेल, तर सरकारही गहाणदाराच्या मागेच. थोडक्यात, गहाणखत राजापेक्षा बलवान ठरले.

१०/ मग कामगार? शंभर वर्षे त्यांना कंपनीच्या कायद्यात फारशी जागा नव्हती. थकीत पगाराचा थोडा भाग अग्रक्रमाने मिळे, तोही तारणदाराचे भागल्यावर. १९८२ चा मुंबईतील गिरणी संप आपणांस ठाऊक आहे. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. त्या दशकात गिरण्या ‘आजारी’ घोषित होऊ लागल्या आणि प्रश्न तीव्र झाला : गिरणी विकली गेली, तर तीस वर्षे साच्यावर उभा राहिलेला माणूस धनको म्हणून मोजायचा की नाही?

११/ त्याच सुमारास सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल टेक्स्टाइल वर्कर्स युनियनच्या खटल्यात बहुमताने निर्णय दिला, की कंपनी गुंडाळण्याच्या अर्जावर कामगारांना आपले म्हणणे मांडण्याचा अधिकार आहे. पाठोपाठ १९८५ मध्ये कंपनी कायद्यात कलम ५२९-अ आले. कामगारांची देणी आणि तारणदार धनकोंची देणी एकाच पातळीवर, समप्रमाणात फेडावीत, असे त्यात ठरले. गहाणखत नसलेल्या माणसाला गहाणदाराच्या शेजारी बसवणारी ही तरतूद होती. रांगेतील ती जागा चळवळीने मिळवली.

१२/ २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ मध्ये आजचा क्रम लिहिलेला आहे. आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांची २४ महिन्यांची देणी आणि आपले तारण सामाईक मालमत्तेत सोडणारे तारणदार धनको, दोघे समान. मग इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची देणी. मग विनातारण वित्तीय धनको. मग सरकारची दोन वर्षांची देणी आणि तारणदारांची तारणातून न भागलेली बाकी. मग उरलेली सर्व देणी, ज्यांत माल पुरवणारे येतात. मग अग्रहक्क भागधारक. सर्वांत शेवटी सामान्य भागधारक. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम तर या वाटपाबाहेरच ठेवली आहे, कारण ती कामगाराचीच मानली जाते.

१३/ आता परत बीडकडे येऊ. सहकारी साखर कारखाना ही कंपनी नाही. तो महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली संस्था आहे. डॉ. विठ्ठलराव विखे पाटील आणि डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा कारखाना १९५० च्या अखेरीस सुरू झाला. त्याची कल्पना अशी होती, की ज्याचा ऊस त्याचाच कारखाना. माल पुरवणारा आणि मालक एकच. प्रत्येकाला भाग कितीही असोत, मत एक. जिथे सावकाराचे आणि व्यापाऱ्याचे राज्य होते, तिथे ही कल्पना क्रांतिकारक होती. पुढे तीच मराठवाड्यात आली.

१४/ पण या सुंदर कल्पनेच्या पोटात एक अडचण लपलेली आहे. कारखाना चालू असतो तोवर ती कोणाला दिसत नाही. कारखाना विकायला निघतो त्या दिवशी शेतकरी रांगेत दोनदा उभा असतो. उसाचे बिल थकले म्हणून तो धनको आहे. भाग घेतला म्हणून तो मालक आहे. अनेक कारखान्यांत तर तो तिसऱ्यांदाही उभा असतो, कारण टनामागे कपात करून ‘परतीच्या’ आणि ‘बिनपरतीच्या’ ठेवी घेतलेल्या असतात. एकाच माणसाचे तीन कागद, आणि तिन्ही रांगेच्या मागच्या बाजूला.

१५/ इथे लंडनच्या एका चर्मकाराची गोष्ट सांगायला हवी. ॲरन सॉलोमन याने आपला बुटांचा धंदा एका कंपनीला विकला. तिच्या २०,००७ भागांपैकी २०,००१ त्याचेच होते. उरलेले सहा कुटुंबीयांचे. किमतीपैकी १०,००० पौंडांसाठी त्याने कंपनीकडून तारणी कर्जरोखे लिहून घेतले. कंपनी बुडाली. माल पुरवणारे म्हणाले, हा तर मालकच, याने शेवटी उभे राहावे. १८९६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला : कंपनी वेगळी व्यक्ती आहे आणि सॉलोमनचे रोखे वैध आहेत. विनातारण देणेकऱ्यांच्या हाती काही लागले नाही.

१६/ सॉलोमनही रांगेत दोनदा उभा होता. फरक एवढाच, की मालक म्हणून शेवटी असला तरी धनको म्हणून तो तारणासह पुढे होता. बीडचा ऊसउत्पादक मालक म्हणून शेवटी आहे आणि धनको म्हणून विनातारण. दोघांत कष्टाचा किंवा हक्काचा भेद नाही. एका कागदाचा भेद आहे. सुप्याच्या शेतकऱ्यांना जे १८७५ मध्ये कळले, तेच लॉर्ड्सच्या निकालात वेगळ्या भाषेत लिहिले आहे.

१७/ ऊसउत्पादकाला कायद्याचे काहीच संरक्षण नाही, असे मात्र नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज. तरीही दिले नाहीत, तर साखर आयुक्त महसुली वसुली प्रमाणपत्र काढतात आणि जिल्हाधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करतात. शेतकरी संघटनांच्या आंदोलनांत ‘आरआरसी काढा’ ही मागणी ऐकू येते, ती हीच.

१८/ पण हे प्रमाणपत्र वसुलीचा मार्ग आहे. ते रांगेतील पहिली जागा देत नाही. सहकारी कारखाने विकले जातात ते बहुधा २००२ च्या सरफेसी कायद्याखाली. त्यात बँक दिवाणी न्यायालयात न जाता तारण विकू शकते. आलेल्या पैशातून आधी खर्च, मग बँकेचे येणे आणि उरले तर ज्याचा हक्क त्याला. २०२० पासून लागू झालेल्या कलम २६-ई नुसार तारणदाराचे नोंदवलेले येणे सर्व इतर देणी, महसूल आणि करांच्या आधी येते. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात विक्रीकर विभागापुढे हाच अग्रक्रम मान्य केला.

१९/ याच्या उलट दिशेचाही एक निकाल आहे आणि तो साखरेचाच आहे. राज्यातील साखर कारखान्याने राज्य सहकारी बँकेकडे साखरेची पोती मालतारण ठेवली होती आणि कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी थकवला होता. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की निधीची थकबाकी बँकेच्या आधी. कारण १९५२ च्या कायद्यात तिला ‘पहिला बोजा’ म्हटले आहे. नंतरच्या काळात या दोन अग्रहक्कांची टक्कर होत राहिली. पण बोध स्पष्ट आहे. कायद्यात दोन शब्द घालून घेतले, तर विनातारण माणूसही पुढे जाऊ शकतो.

२०/ आकड्यांत पाहू. हे काल्पनिक उदाहरण आहे. कारखाना १०० कोटींना विकला गेला. खर्च २ कोटी, भविष्यनिर्वाह निधी ३ कोटी, बँकेचे येणे ९० कोटी. थकीत पगार १५, ऊसबिले २०, कर १० आणि सभासदांचे भाग १० कोटी. सरफेसीच्या वाटेने निधी, खर्च आणि बँक भागल्यावर ५ कोटी उरतात. पगार, ऊस आणि कर मिळून ४५ कोटी. समप्रमाणात वाटले तरी रुपयामागे ११ पैसे. सभासदाच्या भागाला शून्य.

२१/ हीच संस्था कंपनी असती आणि संहितेखाली विकली गेली असती तर? खर्च आणि निधी वगळता ९५ कोटी. कामगार १५ आणि बँक ९०, दोघे समान पातळीवर. थकीत पगार सारा २४ महिन्यांच्या आतला धरला, तर दोघांनाही रुपयामागे सुमारे ९० पैसे. उसाला शून्य, भागालाही शून्य. कामगाराची स्थिती ११ पैशांवरून ९० पैशांवर गेली, ती १९८५ मध्ये मिळवलेल्या जागेमुळे. ऊसउत्पादक दोन्ही वाटांनी जवळजवळ रिकाम्या हाताने घरी जातो. ‘शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना’ या शब्दांचा अर्थ त्या दिवशी कळतो.

२२/ एक टोक अजून राहिले. समजा विक्रीला विलक्षण भाव आला, सर्व देणी फिटली आणि पैसे उरले. कंपनीत ते भागधारकांचे. सहकारात तसे नाही. १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११० नुसार अवसायनानंतर उरलेली शिल्लक सभासदांत वाटता येत नाही. ती संस्थेच्या किंवा सार्वजनिक हिताच्या उद्दिष्टांसाठीच वापरायची असते. हेतू उदात्त आहे : संस्था मोडून खाण्याचा मोह कोणाला होऊ नये. परिणाम असा, की सभासद तोट्याच्या रांगेत शेवटचा आहे आणि नफ्याच्या रांगेत त्याला जागाच नाही.

२३/ म्हणूनच विक्रीची किंमत हा कळीचा मुद्दा ठरतो. ज्याचे येणे ९० कोटी आहे आणि जो सर्वांत पुढे आहे, त्याला मालमत्ता ९५ कोटींना गेली काय आणि १४० कोटींना गेली काय, फारसा फरक पडत नाही. फरक पडतो मागे उभे असलेल्यांना. पण विक्रीची सूत्रे त्यांच्या हाती नसतात. राज्यातील सहकारी कारखाने कमी किमतीला विकले गेल्याचे आरोप जनहित याचिकांतून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले, त्यामागे हे साधे अंकगणित आहे. राखीव किंमत ठरते त्या दिवशीच मागच्या रांगेचे भवितव्य ठरते.

२४/ आणि जो रांगेतच नाही तो? बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. एक कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी. ते मुकादमाकडून उचल घेऊन निघतात, म्हणजे हंगामाच्या पहिल्या दिवशी ते ऋणको असतात. कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांचे नाव नसते. करार मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी. त्यामुळे कारखाना बुडाला, तर ‘कामगारांची देणी’ या रकान्यात त्यांना शोधणे कठीण. १९८५ मध्ये गिरणी कामगाराला जी जागा मिळाली, तिच्यापर्यंत कोयता अजून पोहोचलेला नाही.

२५/ हीच दुहेरी जागा बीडच्या बाजारपेठेतही दिसते. २०२३ मध्ये बीडची ज्ञानराधा मल्टिस्टेट पतसंस्था अडचणीत आली आणि असंख्य कुटुंबांच्या ठेवी अडकल्या. ठेवीदार म्हणजे विनातारण धनको. बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंत ठेवविमा असतो. पतसंस्थेला तो लागू नाही. इथे आधार उरतो तो अवसायनाच्या वाटपाचा आणि ठेवीदारांच्या हितासाठी जप्ती करू देणाऱ्या १९९९ च्या राज्य कायद्याचा. ठेव ठेवताना आपण रांगेत कितवे आहोत, हे कोणी विचारले नसते.

२६/ एकत्र पाहिले तर चित्र असे. राजा पुढे होता, कारण तो राजा होता. गहाणदार पुढे गेला, कारण त्याच्याजवळ कागद होता. गिरणी कामगार पुढे सरकला, कारण तो संघटित होता आणि संसदेने कलम लिहिले. भविष्यनिर्वाह निधी पुढे आहे, कारण कायद्यात दोन शब्द आहेत. यातील कोणतीही जागा आपोआप मिळालेली नाही, म्हणून कोणतीही कायमचीही नाही. ऊसबिलाला कायद्याने ‘पहिला बोजा’ द्यावा का, दिला तर बँका कारखान्यांना कर्ज देतील का, ही खरी चर्चा आहे आणि ती लिलावाच्या आधी व्हायला हवी.

२७/ यापुढे वर्तमानपत्रात एखाद्या कारखान्याची जाहीर नोटीस दिसली, तर तीन गोष्टी वाचा : येणे किती, राखीव किंमत किती आणि या दोहोंत अंतर किती. त्या अंतरातच पगार, उसाची बिले आणि सभासदांचे भाग उभे असतात. आपल्या घरात एखाद्या कारखान्याचा भाग-दाखला जपून ठेवलेला असेल, तर तो काढून त्याच्याशेजारी उसाच्या बिलाची पावती ठेवा. दोन्हींवर नाव एकच असेल. रांगेतील जागा मात्र वेगवेगळ्या.

(थ्रेड समाप्त)